सुताराघरचा वारसा

शास्त्रभाग : निर्गम ३१:१-११, १ राजे ७:१३-१४, मार्क ६:१-६



डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीशेजारच्या नोएडा येथे शंभर वर्षांच्या एका मराठी माणसाने आपल्या राहत्या घरी अखेरचा श्वास घेतला. त्यांचे नाव राम वंजी सुतार. हे नाव एखाद्याच्या कानी आले नसेल, परंतु त्यांच्या हातचे काम त्यानेही पाहिलेले असते. संसद भवनाच्या आवारातील ध्यानस्थ बसलेले महात्मा गांधी त्यांनी घडविले. गुजरातेत नर्मदेकाठी उभा असलेला, १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्राला अर्पण झाला, त्याचेही रूप प्रथम त्यांच्याच हातांतून उतरले.

वर्तमानपत्रांनी त्यांना थोर शिल्पकार म्हणून निरोप दिला आणि ते योग्यच झाले. या पानावर मात्र त्यांचे स्मरण अधिक साध्या नात्याने करावयाचे आहे. ते एका सुताराचे पुत्र होते. हातच्या हुन्नरावर संसार चालविणारे कारागीर होते. आणि आपला हुन्नर स्वतःच्या मुलाच्या हाती सोपवून गेलेले पिता होते. असे वडील आपल्याही घरांतून गेले आहेत. कोणाचे सुतार होते, कोणाचे रेल्वेच्या कारखान्यात फिटर, कोणाचे गवंडी, कोणाचे शिंपी. त्यांच्या कबरेपाशी उभे राहिल्यावर काय बोलावे, हे आपल्याला पुष्कळदा सुचत नाही. म्हणून आज या एका जीवनाकडे पवित्र शास्त्राच्या उजेडात पाहू या.

गोंदूर ते नोएडा

राम सुतार यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९२५ रोजी धुळे जिल्ह्यातील गोंदूर या खेड्यात झाला. वडील गावचे सुतार. घरची स्थिती बेताची. मुलाच्या बोटांतील गुण श्रीराम कृष्ण जोशी या गुरुजींनी ओळखला आणि त्याला पुढे जाण्यास उत्तेजन दिले. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत या खेड्यातील मुलाने मेयो सुवर्णपदक मिळविले.

त्यानंतरची चार वर्षे, १९५४ ते १९५८, त्यांनी पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत अजिंठा व वेरूळ येथील जीर्ण शिल्पांच्या दुरुस्तीत घालविली. वाचकहो, या चार वर्षांकडे थोडे थांबून पाहा. सुवर्णपदक मिळालेला तरुण दुसऱ्यांची भग्न कामे सांधीत बसला आहे, आणि ते दुसरे कोण, हे जगाला ठाऊकही नाही. वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणतात, कारण त्याच्या कमानदार छताच्या दगडात लाकडी तुळयांसारख्या फासळ्या कोरलेल्या आहेत. ज्या हातांनी त्या कोरल्या, त्यांची नावे कोठे राहिली आहेत? काम राहिले, कर्ता लोपला. पुढे ज्याचे नाव देशभर व्हावयाचे होते, त्याला आरंभीच निनावी कारागिरांच्या सहवासात राहण्याचा हा धडा मिळाला.

पुढे ते दिल्लीला आले. माहिती व प्रसारण मंत्रालयात नोकरी लागली; पण १९५९ साली ती सोडून त्यांनी केवळ शिल्पकामावर निर्वाह करण्याचे ठरविले. संसारी माणसाने सरकारी नोकरी सोडणे म्हणजे काय, हे दिल्लीत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना सांगावयास नको. पत्नी प्रमिलाबाई यांच्या सोबतीने त्यांनी परक्या शहरात घर उभे केले. गांधीसागर धरणावर एकाच काँक्रीटच्या ठोकळ्यातून त्यांनी ४५ फूट उंचीची चंबळमाता कोरली. तिच्याजवळ दोन बालके आहेत, एक मध्य प्रदेश व दुसरा राजस्थान. पाण्यावरून भांडू शकणारी दोन राज्ये एका आईची लेकरे म्हणून तेथे उभी आहेत. १९९९ साली पद्मश्री, २०१६ साली पद्मभूषण आणि अगदी अखेरीस महाराष्ट्रभूषण असे सन्मान त्यांना मिळाले. त्यांचे पुत्र अनिल सुतार वास्तुविशारद झाले आणि तरीही वडिलांच्या शिल्पशाळेत येऊन त्यांच्या जोडीने काम करू लागले. पटेलांच्या पुतळ्याचे काम बापलेकांनी मिळून केले.

दोन रास्त शंका

येथे काही वाचकांच्या मनात दोन शंका येतील. त्या टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिली शंका अशी : ते ख्रिस्ती नव्हते, मग आपल्या मंडळीने त्यांच्यापासून काय शिकावे? याचे उत्तर शलमोनाने दिले आहे. परमेश्वराचे मंदिर बांधताना धातुकामासाठी त्याने सोर नगराहून हीराम नावाचा कारागीर बोलावून आणला. त्याची आई नफताली वंशातील विधवा होती, तर बाप सोरचा परदेशी, पितळेचे काम करणारा. म्हणजे मंदिरासमोरचे दोन प्रचंड स्तंभ आणि ओतीव गंगाळसागर ज्या हातांनी घडविला, ते हात आपले कसब एका परराष्ट्रीय बापाच्या भट्टीपाशी शिकले होते. शास्त्राने ही गोष्ट लपविलेली नाही. उलट बापाचा धंदा मुद्दाम नोंदविला आहे. सत्कर्माचे व सुंदरतेचे दान देव आपल्या कुंपणापुरते मोजून देत नाही. दुसऱ्याच्या अंगणात पडलेल्या पावसाबद्दलही आपण देवाचे आभार मानतो, तसेच हे आहे. कोणाच्या अंतःकरणाचा न्याय करणे आपले काम नव्हे. पण ज्याच्याकडून चांगले मिळाले त्याचा मान राखणे मात्र आपले काम आहे.

दुसरी शंका दहा आज्ञांतील दुसऱ्या आज्ञेची. मूर्ती करू नये अशी आज्ञा असता मूर्तिकाराची स्तुती कशी करावी? ज्या देवाने ही आज्ञा दिली, त्यानेच कोशावर सोन्याचे दोन करूब घडविण्यास सांगितले. हीरामाचा गंगाळसागर पितळेच्या बारा बैलांच्या पाठीवर ठेवलेला होता. मोशेने रानात पितळेचा सर्प उंच केला तोही देवाच्याच शब्दावरून. पण पुढे लोक त्या सर्पापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला आणि देवाला ते आवडले. दोष हातांच्या कारागिरीत नव्हता. देवाला द्यावयाचे गुडघे त्या वस्तूपुढे टेकविण्यात होता. स्मारक हे स्मरणासाठी असते. ज्या दिवशी आपण त्याच्यापुढे माणुसकी, सत्य किंवा देव यांचा बळी देऊ, त्या दिवशी त्याचा पितळी सर्प झालेला असेल. ही सावधगिरी प्रत्येक पिढीने बाळगावी.

कसब हे आत्म्याचे दान आहे

आता निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायाकडे वळू. पवित्र शास्त्रात नावाने उल्लेख करून ज्याच्याविषयी देव प्रथम असे सांगतो की, मी याला माझ्या आत्म्याने परिपूर्ण केले आहे, तो मनुष्य कोण आहे? तो संदेष्टा नाही, राजा नाही, याजकही नाही. तो यहूदा वंशातील बसालेल, सोन्यारुप्याचे, पितळेचे, दगडाचे व लाकडाचे काम करणारा कारागीर आहे. आपण आत्म्याची दाने मोजताना प्रवचन, प्रार्थना व गायन मोजतो. देवाने बसालेलाच्या बाबतीत पटाशी व हातोडा मोजला.

पुढे पस्तिसाव्या अध्यायात आणखी एक गोष्ट सांगितली आहे, तीकडे आपले क्वचितच लक्ष जाते. देवाने बसालेल व त्याचा सोबती अहलियाब यांच्या मनात दुसऱ्यांना शिकविण्याची बुद्धीही घातली. म्हणजे कसब हे एक दान आणि ते पुढे देण्याची इच्छा हे दुसरे दान. पुष्कळांपाशी पहिले असते, पण दुसरे नसते. म्हणून कित्येक कला कारागिराबरोबरच पुरल्या जातात. गोंदूरच्या सुताराने मुलाला हातोडी हाती धरू दिली, गुरुजींनी त्याला पुढची वाट धरण्यास धीर दिला, आणि त्या मुलाने म्हातारपणी स्वतःच्या मुलाला शेजारी उभे केले. या साखळीतील एकही कडी निसटली असती, तर आज आपण हे नाव घेतले नसते.

ब्राँझचा पुतळा ओतण्याची एक जुनी रीत आहे. आधी मातीचे रूप घडवितात, त्यावरून साचा घेतात, साच्यात मेणाचा थर देतात आणि त्याभोवती विस्तव सोसणारे आवरण बसवितात. मग ते भट्टीत घालतात. मेण वितळून वाहून जाते आणि त्याने मोकळी केलेल्या जागेत तापलेला धातू उतरतो. मेणाचा एक कणही उरत नाही. पण बोटाची सुरकुतीसुद्धा जशीच्या तशी धातूत उमटते. हीरामानेही आपली भांडी यार्देनेच्या काठच्या चिकण मातीत ओतली, असे शास्त्र सांगते. आपल्या वडिलांचे जीवन पुष्कळदा या मेणासारखे असते. ते झिजते, वितळते, दिसेनासे होते. एखाद्या दिवशी आपण खिळा ठोकण्यापूर्वी तो नेमका त्यांच्यासारखाच बोटांत फिरवून पाहतो, किंवा कोणाचे देणे संध्याकाळच्या आत चुकते करतो, आणि तेव्हा आपल्याला कळते की त्यांचे रूप आपल्यात उतरलेले आहे.

उंचीने मोजू नका

येथे एक धोका आहे. राम सुतारांचे नाव झाले ते १८२ मीटरांमुळे, म्हणून आपण मोठे काम तेच खरे काम असे समजू. त्यांच्याच जीवनातील एक गोष्ट हा समज दूर करते. चंबळमाता पाहून पंडित नेहरू प्रसन्न झाले आणि भाक्रा धरण बांधणाऱ्या कामगारांच्या गौरवार्थ ५० फुटांचे ब्राँझचे स्मारक करावे, असे ठरले. पैशाअभावी ते उभे राहिले नाही. पुढाऱ्यांचे पुतळे या देशात ठायी ठायी उभे राहिले. धरण बांधणाऱ्या मजुरांचा तेवढा राहून गेला. ही कोणा एकाची निंदा नव्हे, ही जगाची रीत आहे. आणि जे पुतळे उभे राहतात तेही एका जागी राहतातच असे नाही. १९९३ साली बसविलेला संसदेतील गांधीजींचा १६ फुटी पुतळा २०२४ मध्ये त्याच आवारात दुसऱ्या जागी नेण्यात आला.

देवाची रीत निराळी आहे. नहेम्याचा तिसरा अध्याय उघडा. यरुशलेमेचा कोट पुन्हा बांधणाऱ्यांची तेथे यादी आहे : सोनार, गंधी, व्यापारी, आणि एका अधिकाऱ्याच्या मुलीसुद्धा. कोणी किती भाग बांधला, कोणी आपल्या घरासमोरचा तुकडा दुरुस्त केला, हे नावानिशी लिहिलेले आहे. आपण हा अध्याय कंटाळवाणा म्हणून ओलांडतो. खरे पाहता भाक्र्याला जे स्मारक उभे राहिले नाही, तेच देवाने आपल्या ग्रंथात कामगारांसाठी उभारून ठेवले आहे.

आणि नासरेथच्या सुताराचे काय? मार्क सांगतो की, गावकऱ्यांनी येशूला ओळखले ते सुतार म्हणून, आणि त्याच ओळखीला ते अडखळले. ज्याच्या हातचे घट्टे आपण पाहिले आहेत त्याच्या तोंडून देवाचे ज्ञान कसे येईल, असे त्यांना वाटले. दुसऱ्या शतकातील हुतात्मा जस्टिन लिहितो की, येशू नांगर व जोखडे तयार करीत असे. त्यांपैकी एकही नांगर, एकही जोखड आज उरलेले नाही. जगाच्या तारणाऱ्याच्या हातचे एक स्टूलही कोणत्या संग्रहालयात नाही. तरीही यार्देनेत बाप्तिस्मा घेऊन तो वर आला, तेव्हा स्वर्गीय पित्याने आपला संतोष प्रगट केला. तोवर शुभवर्तमानात एकही चमत्कार नोंदलेला नाही, एकही प्रवचन नाही. मागे होती ती घराची, आज्ञाधारकपणाची आणि हातच्या कामाची सारी निनावी वर्षे. पित्याचा संतोष त्या वर्षांवरही होता, असे मला वाटते. योसेफाचे तर शास्त्रात एकही वाक्य नोंदलेले नाही. त्याने केले ते एवढेच : देवाचे ऐकले, मूल व आई यांना सांभाळले, आणि मुलाच्या हाती आपला धंदा दिला.

आपल्यासाठी

प्रिय बंधुभगिनींनो, हे सर्व आपल्या जीवनाला कोठे लागू पडते?

एक, आपण ज्या खडकातून कापलेले आहोत तो विसरू नका. विसाव्या शतकाच्या आरंभी अहमदनगरास, आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात तेथे, अमेरिकन मराठी मिशनने सुतारकाम, धातुकाम, विणकाम असे हस्तव्यवसाय मुलांना शिकविले. डी. सी. चर्चिल या मिशनरी अभियंत्याने हातमाग सुधारण्यासाठी परिश्रम केले. आपल्यापैकी कित्येकांच्या घराण्याला सन्मानाची पहिली भाकर मिळाली ती अशा हुन्नरांमुळे. नंतर शिक्षण आले, नोकऱ्या आल्या, आणि माळ्यावरच्या त्या रंध्याची व करवतीची आपल्याला लाज वाटू लागली. शिक्षण हे देवाचे दान आहे. परंतु हातांची लाज ही देवाकडून आलेली नाही. मुलगा पदवीऐवजी एखादे कसब शिकू इच्छित असेल, तर त्याला हिणवू नका. पौलही तंबू शिवीत असे.

दोन, दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद येथील चौकांत सकाळी मजूर कामाच्या प्रतीक्षेत उभे राहतात. त्यांत सुतार आहेत, रंगारी आहेत, गवंडी आहेत. आपली घरे त्यांच्या हातांनी उभी राहिली. मजुरी न देता घर बांधणाऱ्यावर यिर्मयाने बाविसाव्या अध्यायात हाय हाय म्हटले आहे. मंडळीत कारागिराच्या कसबाचे गोडवे गायचे आणि घरी आलेल्या सुताराशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करायची, ही उपासना देवाला कशी चालेल? त्याचे नाव विचारा, त्याला पाणी द्या, ठरलेले दाम त्याच दिवशी द्या.

तीन, घरातील वडील जिवंत आहेत तोवर त्यांच्या कामाविषयी त्यांना विचारा. पहिली मजुरी किती मिळाली होती, कोणी शिकविले, कोणते काम मनासारखे झाले, कोणते बिघडले. आपण त्यांच्या औषधांविषयी विचारतो, कागदपत्रांविषयी विचारतो. ज्या कामात त्यांनी आयुष्याचे चाळीस उन्हाळे घातले त्याविषयी मात्र विचारत नाही. मग एके दिवशी खुर्ची रिकामी होते आणि प्रश्न आपल्यापाशीच राहतात.

चार, शोकाच्या वेळी काय बोलावे, हे यापोच्या विधवांकडून शिका. टबीथा, जिला दुर्कस म्हणत, ती मरण पावली तेव्हा त्या बायकांनी पेत्रापुढे भाषण केले नाही. त्यांनी रडत रडत तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखविली. प्रेषितांच्या कृत्यांतील हा प्रसंग मला स्मरणसभेचा उत्तम नमुना वाटतो. आपल्या पित्याच्या स्मरणसभेत मोठी विशेषणे नसली तरी चालेल. त्याने केलेला पाट आणा, त्याने बसविलेला दरवाजा दाखवा, त्याने फेडलेले कर्ज सांगा, त्याने शिकविलेला शिष्य उभा करा. पेत्राने ती वस्त्रे पाहिली, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि दुर्कस उठली. आपला पिता आज उठून बसणार नाही. पण ज्याने पेत्राची प्रार्थना ऐकली, तोच पुनरुत्थानाचा प्रभू आहे. त्याच्या हातांत सुताराच्या घट्ट्यांवर खिळ्यांचे व्रण पडले आहेत, आणि पुनरुत्थानानंतरही ते व्रण त्याने पुसून टाकले नाहीत, शिष्यांना दाखविले. असे हात आपल्या प्रियजनांना धरून आहेत. यापेक्षा अधिक सुरक्षित जागा मला ठाऊक नाही.

नोएडातील त्या शिल्पशाळेत हातोडा पुढच्या पिढीच्या हाती गेला आहे. तुमच्या घरी कोणाचा हातोडा, कोणाची सुई, कोणाचा ओळंबा पडून आहे? आज संध्याकाळी तो काढा, पुसा, आणि घरातल्या लहानग्याला त्याची गोष्ट सांगा. तीही एक कौटुंबिक उपासना होईल.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तू मातीतून मनुष्य घडविलास आणि त्याच्या हातांना घडविण्याची शक्ती दिलीस, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. ज्या पित्यांनी घाम गाळून आम्हांला वाढविले, त्यांच्याबद्दल आम्ही तुझी स्तुती करतो. आमच्या हातांची लाज आमच्यापासून दूर कर. मजुराला त्याचे दाम देण्यास आम्हांला प्रामाणिक कर. ज्या घरांत आज खुर्ची रिकामी आहे, तेथे तू स्वतः येऊन बैस. नासरेथच्या सुताराच्या, आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.